सात सह्या आणि एक मैदान

२६ ऑक्टोबर १९७४, शनिवार. जर्मन चषकाच्या दुसऱ्या फेरीचा सामना खेळायला हाम्बुर्गचा संघ देशाच्या उत्तर टोकाहून पार दक्षिणेत, एपिंगेन नावाच्या गावी आला. दोनच महिन्यांपूर्वी या संघाने याच स्पर्धेची अंतिम लढत खेळली होती आणि जादा वेळेत फ्रांकफुर्टकडून हार पत्करली होती. रुडी कार्गुस, मानफ्रेड काल्ट्स, पेटर नोग्ली, गेओर्ग फोल्कर्ट अशी मंडळी त्या हंगामात हाम्बुर्गकडे होती. समोर तिसऱ्या श्रेणीतला हौशी क्लब, व्हीएफबी एपिंगेन. हजारो माणसं मैदानाभोवती दाटीवाटीने उभी राहिली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत एपिंगेनने सामना २-१ असा जिंकला. दोन्ही गोल गेर्ड श्टोर्त्सर या एकाच खेळाडूचे.

बुंडेसलीगा ही अव्वल व्यावसायिक लीग १९६३मध्ये सुरू झाली होती. तेव्हापासून हौशी क्लबने चषकात बुंडेसलीगाच्या संघाला बाहेर काढल्याची ही पहिलीच वेळ. हाच हाम्बुर्ग दोन वर्षांनी जर्मन चषक जिंकणार होता, १९७७मध्ये युरोपातला चषकविजेत्यांचा चषक आणि १९८३मध्ये थेट युरोपियन कप. एपिंगेनने हरवलेला संघ काही उतरणीला लागलेला नव्हता, चढणीवरचा होता.

जर्मन फुटबॉलच्या कुठल्याही इतिहासात हा सामना सापडतो. मला मात्र त्या नव्वद मिनिटांपेक्षा त्याच्या आधीची त्रेपन्न आणि नंतरची पन्नास वर्षं अधिक मोलाची वाटतात. क्लब स्थापन झाला १९२१मध्ये. मधल्या काळात एक हुकूमशाही आली आणि गेली, एक महायुद्ध झालं, देश दुभंगला आणि पुन्हा जोडला गेला, चलन दोनदा-तीनदा बदललं. गावातला फुटबॉल क्लब मात्र राहिला. तो कसा राहिला, कुणी राखला आणि राखताना कुणाला बाहेर ठेवलं, हे सांगण्यासारखं आहे.

एपिंगेन बाडेन प्रांतातल्या क्राइशगाउ या टेकड्यांच्या मुलखात आहे. मुंबईशी १९६८पासून भगिनी-शहराचं नातं असलेलं श्टुटगार्ट एपिंगेनच्या आजच्या राज्याची राजधानी. कार्ल्सरूहहून हाइलब्रोनकडे जाणारी एस-४ ही लोकल एपिंगेनला थांबते. दोन्ही बाजूंना बीट, बटाटा, गहू, मका, मधूनच द्राक्षमळे. गावात लाकडी चौकटींमध्ये माती-चुना भरून बांधलेली जुनी घरं आहेत. त्यातलं बाउमान घर सोळाव्या शतकातलं, त्याच्या तुळयांवरचं कोरीवकाम आजही बोट फिरवून बघावंसं वाटतं. हायडेलबेर्गला प्लेगची साथ आली तेव्हा, १५६४-६५ साली, तिथल्या विद्यापीठाचा एक भाग इथे हलवला होता. ती इमारत अजून ‘जुनं विद्यापीठ’ म्हणूनच ओळखली जाते. आसपासची खेडी धरून आज वस्ती वीस हजारांच्या थोडी पुढे. गावची स्वतःची बिअर आहे, बाजार आहे, चर्च आहे. आणि फुटबॉलचं मैदान आहे.

जर्मनीत फुटबॉल आधी शाळेत शिरला. ब्राउनश्वाइगच्या कोनराड कोख या शिक्षकाने १८७४मध्ये आपल्या विद्यार्थ्यांना चेंडू दिला, पण तो खेळ आजच्या रग्बीच्या जवळचा. त्या वेळी जर्मन गावांवर राज्य होतं ते ‘टुर्नफेराइन’चं, म्हणजे व्यायामशाळेचं. सिंगल बार, डबल बार, उड्या, कवायत, झेंडा, गाणी. फ्रीड्रिश लुडविग यान यांनी १८११मध्ये बर्लिनच्या हासेनहाइडे मैदानावर सुरू केलेली ही चळवळ शंभर वर्षांत खेड्याखेड्यांत पोचली होती. कोल्हापूरच्या पेठांतल्या तालमींतून फुटबॉल संघ निघाले, पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम ही नावं आजही शाहू स्टेडियमच्या फलकावर लागतात. दक्षिण जर्मनीतही फुटबॉलला पहिली जागा मिळाली ती अशाच आखाड्याच्या अंगणात. फरक असा की तिथल्या व्यायामशाळावाल्यांना हा खेळ मुळीच मानवला नाही. श्टुटगार्टच्या कार्ल प्लांक नावाच्या शिक्षकाने १८९८मध्ये फुटबॉलविरुद्ध एक पुस्तिकाच काढली. लाथ मारताना माणूस वाकतो आणि माकडासारखा दिसतो, ही ‘इंग्रजी रोगराई’ आहे, असं त्याचं म्हणणं. पुस्तिका निघून दोन वर्षं होतात न होतात तोच, जानेवारी १९००मध्ये, लाइप्झिगला ८६ क्लबांनी एकत्र येऊन जर्मन फुटबॉल महासंघ स्थापन केला.

खेडी आणि लहान गावं या खेळाकडे वळली ती मात्र पहिल्या महायुद्धानंतर. कारण साधं होतं. १९१८च्या क्रांतीने आठ तासांचा कामाचा दिवस आणला. कामगार, कारागीर, शेतमजूर यांच्या हाती पहिल्यांदाच संध्याकाळ आली. खंदकांतून परतलेल्या तरुणांनी तिथे फावल्या वेळात फुटबॉल खेळलेला होता. त्यामुळे १९१९ ते १९२१ या तीन वर्षांत गावोगाव क्लब उगवले. आज ज्या क्लबांच्या बोधचिन्हावर १९१९, १९२० किंवा १९२१ लिहिलेलं दिसतं, त्यांची संख्या बघून थक्क व्हायला होतं. एपिंगेन त्याच पिढीतलं.

क्लब काढायचा म्हणजे काय करायचं? १९०० सालापासून लागू असलेल्या जर्मन नागरी संहितेत उत्तर आहे: नोंदणी करायची तर निदान सात सभासद हवेत. सात सह्या, लेखी घटना, अध्यक्ष, आणि न्यायालयाच्या नोंदवहीत नाव. मालक कुणी नाही, भागधारक नाहीत. वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा भरते. खजिनदार पै-पैचा हिशेब वाचून दाखवतो, दोन सभासद तो तपासल्याचं उभं राहून सांगतात, मग हात वर करून सभा समितीला जबाबदारीतून मोकळं करते. त्यानंतर पंचवीस, चाळीस, पन्नास वर्षं सभासद राहिलेल्यांना कोटावर लावायची पिन दिली जाते. या सभेत करमणूक काही नसते. तरी ती दर वर्षी होते, आणि क्लब शंभर वर्षं टिकण्यात गोल मारणाऱ्यांपेक्षा या वहीचा वाटा मोठा आहे, असं माझं ठाम मत आहे. ज्याने वही ठेवली, त्याचं नाव इतिहासात येत नाही. पण त्याने ठेवली नसती तर १९७४मध्ये मैदानात उतरायला कुणी नसतं.

आखाडा आणि फुटबॉल यांचं भांडण पुढे इतकं विकोपाला गेलं की १९२३-२४मध्ये दोन्ही महासंघांनी फारकत घेतली. एकाच क्लबात व्यायाम आणि फुटबॉल दोन्ही चालत असेल तर दोन क्लब करा, असा आदेश निघाला. कित्येक गावांत एका खोलीतलं सामान दोन खोल्यांत वाटलं गेलं. शिवाय कामगार चळवळीचे वेगळे क्लब, कॅथलिकांचे वेगळे. पाच हजार वस्तीच्या गावात तीन-तीन फुटबॉल संघ आणि तिन्हींचे पाठीराखे एकमेकांच्या दुकानात जात नाहीत, असाही काळ होता.

१९३३मध्ये नाझी सत्तेवर आले आणि हे सगळं एका फटक्यात संपलं. कामगारांचे क्लब बंद झाले, त्यांची मैदानं जप्त झाली. उरलेल्या क्लबांना वरून नेमलेले ‘नेते’ मिळाले. निवडणूक गेली, हात वर करणं फक्त सलामीपुरतं उरलं. आणि ज्यूंना बाहेर काढण्यात आलं.

हा भाग घाईने उरकण्यासारखा नाही, कारण क्लबांवर तो केवळ लादला गेला नव्हता. ९ एप्रिल १९३३ रोजी दक्षिण जर्मनीतले १४ नामांकित क्लब श्टुटगार्टला जमले आणि ज्यू सभासदांना क्लबांतून दूर करण्याच्या कामी आपण नव्या सरकारला आनंदाने साथ देऊ, अशा आशयाचं निवेदन त्यांनी प्रसिद्ध केलं. कायद्याची सक्ती तोवर झालेली नव्हती. सही करणाऱ्यांत एपिंगेनहून तासाभराच्या अंतरावरच्या कार्ल्सरूहचा केएफव्ही हा क्लबही होता. त्याच क्लबसाठी युलियस हिर्श लहानपणापासून खेळला होता. डाव्या बाजूने धावणारा, जोरकस फटक्याचा आघाडीवीर. १९१०मध्ये केएफव्हीला जर्मन अजिंक्यपद मिळालं त्यात तो होता. राष्ट्रीय संघाकडून सात सामने खेळला. पहिल्या महायुद्धात चार वर्षं सैनिक होता, लोखंडी क्रॉस मिळवला. निवेदनाची बातमी त्याने वर्तमानपत्रात वाचली आणि त्याच दिवशी क्लबला पत्र लिहून राजीनामा दिला. १९०२पासूनचं सभासदत्व त्याने स्वतःच्या हाताने संपवलं. १ मार्च १९४३ रोजी त्याला कार्ल्सरूहहून आउश्विट्झला नेण्यात आलं. तो परतला नाही.

त्याचा जोडीदार गॉटफ्रीड फुक्स. १९१२च्या ऑलिंपिकमध्ये रशियाविरुद्ध एकाच सामन्यात दहा गोल मारणारा. तो वेळेवर निसटला आणि कॅनडात स्थायिक झाला. १९७२मध्ये म्युनिकच्या नव्या स्टेडियममधल्या उद्घाटनाच्या सामन्याला त्याला सन्मानाने बोलवावं, अशी सूचना जुने राष्ट्रीय प्रशिक्षक झेप हेर्बेर्गेर यांनी केली होती. महासंघाने ती मानली नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत फुक्स माँट्रियलला वारला. महासंघाला हिर्शच्या नावाने पुरस्कार सुरू करायला २००५ उजाडलं.

मोठ्या क्लबांनी निवेदनं काढली, लहान क्लबांत तेवढीही गरज पडली नाही. सभासदांच्या यादीतून नावं गळत गेली आणि शेजारच्यांनी ते पाहिलं. एपिंगेनमध्येही ज्यू वस्ती होती. जुन्या सिनगॉगच्या भिंतीत अजून एक ‘लग्नाचा दगड’ आहे. लग्न लागल्यावर नवरदेव त्यावर काचेचा पेला फोडत असे. २२ ऑक्टोबर १९४० रोजी बाडेन आणि शेजारच्या प्रांतातल्या सुमारे ६,५०० ज्यूंना घरांतून काढून रेल्वेने फ्रान्समधल्या गुर्सच्या छावणीत नेलं गेलं. लोकल आज ज्या रुळांवरून धावते, त्या मुलखातल्या गावागावांतली ही माणसं होती. क्लबांच्या शताब्दीच्या स्मरणिका चाळताना मी १९३३ ते १९४५ची पानं आधी काढतो. काही क्लबांनी जुनी कागदपत्रं उकरून नावानिशी लिहिलं आहे. काहींनी दोन ओळींत ‘कठीण काळ’ म्हणून भागवलं आहे. पहिल्या प्रकारच्या स्मरणिकांसाठी कुणा निवृत्त शिक्षकाने पदरमोड करून अभिलेखागारात घालवलेल्या दुपारी मला त्या क्लबच्या कुठल्याही विजयाइतक्याच मोठ्या वाटतात.

युद्ध संपल्यावर दोस्त राष्ट्रांनी नाझी काळातल्या साऱ्या क्रीडासंस्था विसर्जित केल्या. डिसेंबर १९४५च्या आदेशाने स्थानिक क्लबांना परवानगी घेऊन नव्याने सुरुवात करता येऊ लागली. एपिंगेनचा भाग अमेरिकी सैन्याच्या ताब्यात होता. पुन्हा घटना, पुन्हा सह्या. आणि आता गावात नवी माणसं आली होती. पूर्वेकडच्या प्रदेशांतून आणि सुडेटेनलँडमधून सुमारे सव्वा कोटी जर्मन हाकलले गेले. त्यांना जागा द्यायची ती बॉम्बहल्ल्यांतून वाचलेल्या खेड्यांनी. यजमानांच्या माडीवर, गोठ्याच्या वरच्या खोलीत ही कुटुंबं राहिली. बोली वेगळी, कधी पंथ वेगळा, आणि खिशात काही नाही. चर्चमध्ये ही माणसं मागच्या बाकावर बसत. मैदानात मात्र मध्यरेषेवरून धावणारा पोरगा कुठला, हे रविवारी तीन वाजल्यानंतर कुणी विचारत नसे. पुढे इटलीशी १९५५मध्ये आणि तुर्कस्तानशी १९६१मध्ये कामगार आणण्याचे करार झाले, तेव्हा तोच प्रश्न पुन्हा आला. त्या वेळी काही गावांनी दार उघडलं, काहींनी नाही. म्हणून इटालियनांचे आणि तुर्कांचे स्वतंत्र क्लब निघाले आणि त्यांतले बरेच आजही खेळतात.

एका गटाला मात्र दार ठराव करूनच बंद केलं गेलं. १९५४मध्ये बर्नला हंगेरीला ३-२ हरवून पश्चिम जर्मनी जगज्जेता झाला आणि देशभर मुलंच नव्हे, मुलीही चेंडूमागे धावू लागल्या. ३० जुलै १९५५ रोजी महासंघाने ठराव केला: क्लबांनी स्त्रियांचे संघ ठेवू नयेत, त्यांना मैदान देऊ नये, पंच देऊ नयेत. कारण काय, तर हा झुंजीचा खेळ स्त्रीच्या प्रकृतीला आणि शालीनतेला मानवत नाही. ज्या व्यायामशाळावाल्यांनी फुटबॉलला माकडचेष्टा म्हटलं, त्यांच्याशी वर्षानुवर्षं भांडलेल्या संघटनेने हे करावं, याचा मला आजही राग येतो. बंदी उठली ३१ ऑक्टोबर १९७०ला. पंधरा वर्षांत खेळण्याच्या वयाची एक अख्खी पिढी निघून गेली होती.

तरीही लहान गावांनीच पहिलं पाऊल टाकलं. स्त्रियांची पहिली अधिकृत जर्मन अजिंक्यपद स्पर्धा १९७४ साली झाली आणि सप्टेंबरात माइन्झला झालेला अंतिम सामना जिंकला टुस व्योरश्टाट या ऱ्हाइनकाठच्या द्राक्षमळ्यांच्या प्रदेशातल्या छोट्या गावच्या क्लबने, ४-० असा. त्यातला बेर्बेल वोलेबेन हिचा एक गोल टीव्हीच्या प्रेक्षकांनी ‘महिन्याचा सर्वोत्तम गोल’ म्हणून निवडला. हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री. एपिंगेनचा प्रसिद्ध सामना त्यानंतर दीड-एक महिन्याने झाला. एकाच शरद ऋतूत दोन लहान गावांनी देशाचा फुटबॉल हलवला. पुरुषांच्या सामन्याचा अर्धशतकी सोहळा सगळ्यांना आठवतो. व्योरश्टाटचं नाव सांगावं लागतं.

आता हाम्बुर्ग एपिंगेनला आलंच कसं, ते पाहू. १९७३-७४पर्यंत चषकाच्या मुख्य स्पर्धेत ३२ संघ असत. १९७४-७५मध्ये महासंघाने पहिली फेरी एकदम १२८ संघांची केली. त्याच वर्षी दुसऱ्या श्रेणीची व्यावसायिक लीग, दोन गटांत, सुरू झाली. व्यावसायिकांचं आवार नीट कुंपण घालून बंद होत असताना चषकाचं फाटक मात्र हौशी क्लबांसाठी उघडलं. प्रांतिक चषकातून वर आलेल्या क्लबाचं नाव सोडतीच्या चिठ्ठीवर येऊ लागलं आणि चिठ्ठी कुणाच्याही नावाशी निघू शकत होती. एपिंगेनचा संघ तेव्हा उत्तर बाडेनच्या हौशी लीगमध्ये खेळत होता. दिवसभर नोकरी-धंदा, आठवड्यातून काही संध्याकाळी सराव, शनिवार-रविवारी सामना.

गंमत अशी की पाहुण्या संघातल्या काल्ट्ससाठी हा मुलूख परका नव्हता. तो लुडविग्सहाफेनचा, ऱ्हाइन नदीच्या पलीकडचा. आल्ट्रिप आणि नॉयहोफेन या खेड्यांच्या क्लबांत खेळून हाम्बुर्गला गेलेला. जर्मनीतल्या कुठल्याही मोठ्या खेळाडूचा पहिला क्लब शोधत गेलं की शेवटी अशाच एखाद्या गावाच्या मैदानाशी येऊन थांबावं लागतं. त्याला पहिल्यांदा बुटाची नाडी बांधायला शिकवणारा माणूस कुणीतरी बिनपगारी पालक असतो.

पुढच्या फेरीत वेर्डर ब्रेमेनने एपिंगेनला ०-२ असं हरवलं आणि चषकाची वाट संपली. क्लब मात्र वर चढत राहिला. १९८०मध्ये त्याला चक्क दुसऱ्या श्रेणीच्या व्यावसायिक लीगमध्ये बढती मिळाली. तो हंगाम वाईट मुहूर्ताचा होता: पुढच्या वर्षापासून दोन गटांची एकच लीग होणार असल्याने खूप संघांची कपात ठरलेली होती. मोठ्या शहरांचे संघ, लांबचे प्रवास, व्यावसायिक खेळाडूंचे पगार. एपिंगेन एका वर्षात खाली आलं आणि नंतरची दशकं प्रादेशिक लीगांमध्ये गेली. यात मला अपयश दिसत नाही. त्या एका वर्षाच्या हव्यासापायी कित्येक क्लब कर्जात बुडून नोंदवहीतून पुसले गेले आहेत. एपिंगेनचं नाव वहीत राहिलं.

नाव राहणं किती अवघड असतं, ते अशाच पराक्रमी गावांकडे बघून कळतं. ऑगस्ट १९९०मध्ये याच उत्तर बाडेनमधल्या वाइनहाइमने बायर्न म्युनिकला पेनल्टीच्या एका गोलवर हरवलं; बायर्नकडे महिन्याभरापूर्वीच जगज्जेते झालेले खेळाडू होते. तो एफव्ही ०९ क्लब १९९९मध्ये गावातल्या दुसऱ्या क्लबात विलीन झाला. ऑगस्ट १९९४मध्ये फ्रांकोनियातल्या फेस्टेनबेर्ग्सग्रॉइट या औषधी वनस्पतींच्या चहासाठी ओळखल्या जाणाऱ्या खेड्याने पुन्हा बायर्नलाच १-० हरवलं. रोलांड श्टाइनचा हेडर. बायर्नचे प्रशिक्षक होते जोव्हान्नी त्रापात्तोनी. दोनच वर्षांनी त्या खेड्याचा फुटबॉल विभाग फ्युर्टच्या क्लबात गेला आणि खेड्याच्या नावातलं फक्त ‘ग्रॉइट’ एवढंच नव्या नावात उरलं.

आणि एपिंगेनच्या अगदी शेजारी होफेनहाइम. झिन्सहाइम शहरात मोडणारं हे खेडं, वस्ती जेमतेम तीन हजार. १९९०मध्ये त्याचा संघ जिल्ह्याच्या तळच्या लीगमध्ये खेळत होता. लहानपणी याच क्लबात खेळलेले डीटमार होप तोवर सॅप या सॉफ्टवेअर कंपनीचे सहसंस्थापक म्हणून श्रीमंत झाले होते. त्यांनी पैसा ओतायला सुरुवात केली. २००८मध्ये होफेनहाइम बुंडेसलीगात पोचलं आणि पहिल्याच हंगामात अर्ध्या टप्प्यावर गुणतक्त्यात अव्वल होतं. २००९मध्ये महामार्गालगत तीस हजार प्रेक्षकांचं स्टेडियम उभं राहिलं. होप यांनी मुलांच्या प्रशिक्षणावर मनापासून खर्च केला आणि त्याचा फायदा साऱ्या भागाला झाला, हे मान्य करायला हवं. पण देशभरच्या प्रेक्षकांनी त्यांना जो विरोध केला, त्याच्या मुळाशी एक रास्त भावना होती: क्लबाचा निर्णय हात वर करून व्हावा, धनादेशावर होऊ नये. जर्मन व्यावसायिक फुटबॉलमध्ये मतांचा बहुमताचा वाटा सभासदांकडेच ठेवणारा नियम आहे. होप यांना २०१५मध्ये त्यातून सूट मिळाली होती. २०२३मध्ये त्यांनी बहुमत आपणहून क्लबाला परत दिलं. त्या निर्णयाबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

या मातीतून वर जाण्याचा तिसरा रस्ताही आहे. बार्सिलोनाचे प्रशिक्षक हान्सी फ्लिक याच परिसरातले, म्युकेनलोख खेड्यात वाढलेले. बायर्नकडून खेळून झाल्यावर त्यांनी १९९६ ते २००० या काळात बामेन्टाल या गावच्या क्लबाला प्रशिक्षण दिलं. गावात त्यांचं खेळसाहित्याचं दुकान होतं. दिवसा बूट विकायचे, संध्याकाळी सराव घ्यायचा. वीस वर्षांनी त्याच माणसाने बायर्नला एका हंगामात तीन मोठे किताब जिंकून दिले.

क्राइशगाउमधल्या कुठल्याही गावात हंगामातल्या रविवारी दुपारी जावं. एक वाजता दुसरा संघ खेळतो, तीनला पहिला. फाटकापाशी टेबल टाकून एक आजोबा पत्र्याच्या डब्यात पैसे घेतात आणि तिकीट फाडून देतात. मैदानाभोवती कमरेइतका लोखंडी कठडा. त्यावर कोपर टेकून लोक उभे. कठड्याला लावलेल्या पाट्यांवर गावचा खाटीक, फरशीवाला, ड्रायव्हिंग स्कूल, बचत बँक. एका बाजूला निखाऱ्यावर सॉसेज भाजले जाताहेत, दुसऱ्या बाजूला खेळाडूंच्या आयांनी घरून करून आणलेले केक कापून विकायला मांडले आहेत. सामना सुरू होण्याआधी कर्ण्यावरून घोषणा होते: आजचा चेंडू अमुक दुकानदाराने दिला आहे, क्लब आभारी आहे. चेंडू कुंपणाबाहेर मक्यात गेला की दोन पोरं धावतात. पंच एकटाच, रेषेवरचे झेंडे अनेकदा क्लबाचीच माणसं धरतात. सामना संपल्यावर हरलेले-जिंकलेले सगळे क्लबघरात बसतात, याला तिथे ‘तिसरा हाफ’ म्हणतात. चिखलाने भरलेल्या सोळा-सतरा जर्सी कुणीतरी पिशवीत भरून घरी धुवायला नेतं.

देशात असे जवळपास २४ हजार क्लब आहेत, सभासद सत्तर लाखांहून अधिक. आकडा मोठा दिसतो, पण आतून कुरतडणं चालू आहे. अकरा खेळाडू जमत नाहीत म्हणून दोन-तीन गावं मिळून एक संघ उतरवतात आणि नावात तीन गावं जोडून लिहितात. ज्यांच्या आजोबांनी एकमेकांच्या दुकानात पाऊल टाकलं नाही, त्यांची नातवंडं एकाच रंगाच्या जर्सीत खेळतात. प्रत्येक क्लबाने ठरावीक पंच पुरवायचे असतात, कमी पडले तर दंड. पंचाला कठड्यावरून ऐकाव्या लागणाऱ्या शिव्यांमुळे तरुण पोरं शिट्टी हातात घ्यायला तयार होत नाहीत. सभेत खजिनदारपदासाठी नाव विचारलं की सगळे खाली बघतात. जुनी रद्दी गोळा करून विकणं, नाताळनंतर घरोघरची झाडं उचलणं, यातून मुलांच्या संघांचा खर्च निघायचा. त्यालाही हात कमी पडताहेत.

अशा वेळी चषकाच्या पहिल्या फेरीची ती एक चिठ्ठी अजूनही मोलाची ठरते. आता मुख्य स्पर्धा ६४ संघांची असते. प्रांतिक चषकांचे अंतिम सामने २०१६पासून एकाच दिवशी होतात आणि दिवसभर टीव्हीवर दाखवले जातात. मुख्य स्पर्धेत हौशी संघ आणि व्यावसायिक संघ समोरासमोर आले तर यजमानपद हौशी संघाकडे जातं. पहिल्या फेरीत नुसतं पोचलं तरी प्रक्षेपणाच्या हक्कांतून दोन लाख युरोंच्या वर वाटा मिळतो. सुरक्षेचा, जादा आसनांचा, भाड्याच्या मैदानाचा खर्च त्यातून वजा होतो. उरलेल्या पैशांचं काय करायचं, यावर मग सर्वसाधारण सभेत वाद रंगतो: प्रकाशझोत, कृत्रिम गवत की गळकं छप्पर.

गेल्या काही वर्षांत या यादीत आणखी एक काम वरच्या जागी येऊ लागलं आहे. बरीच क्लबघरं पन्नास-साठच्या दशकांत सभासदांनी सुट्टीच्या दिवशी विटा वाहून बांधलेली आहेत. स्त्रियांच्या फुटबॉलवर बंदी होती त्याच काळातली. यजमानांसाठी एक खोली, पाहुण्यांसाठी एक, पंचासाठी एक लहानशी, आणि एकच न्हाणीघर. मुलींच्या संघाला पंचाच्या खोलीत, नाहीतर पालकांच्या मोटारीत कपडे बदलावे लागतात. म्हणून भिंत पाडून मुलींसाठी वेगळी खोली आणि वेगळी न्हाणी काढायचा ठराव आता गावोगावच्या सभांमध्ये मांडला जातो. मांडणारी बहुतेक वेळा तिथली मुलींची प्रशिक्षक असते, हात वर करून मतदान होतं, आणि पुढच्या शनिवारी सभासद हातोडे घेऊन जमतात.